महाराजांचा फेटा सांगवणला आला तेव्हा

सांगवणचा पूल बांधून पुरा झाला होता, पण महाराजांनी फीत कापली नसल्यामुळे तो अजून पलीकडे पोचत नव्हता. पुलावरून सरळ चालत गेलेला माणूस पुन्हा याच काठावर, फितीच्या मागे येऊन उभा राहायचा. आमच्या संस्थानात सगळ्याच पुलांचं असं आहे. धरणंसुद्धा उद्घाटन होईपर्यंत पाणी धरत नाहीत.

नेमकं त्या दिवशी महाराजांना पडसं झालं. अशा वेळी प्रथेप्रमाणे त्यांचा फेटा येतो. पालखीतून फेटा आला, तोफा झाल्या, बँड वाजला, आणि मग सगळे नुसतेच उभे राहिले. फेट्याला हात नव्हते.

"कुणीतरी तो डोक्यावर घ्यायला हवा," कारभारी त्रिंबकराव म्हणाले. "मात्र ज्याच्या डोक्यावर फेटा, तो महाराज. नंतर तक्रार चालणार नाही."

सगळे सरदार आपापल्या जोड्यांकडे बघू लागले.

गर्दीतून ठकूबाई पुढे आली. पलीकडे हिवरीला तिची लेक सुंद्रा बाळंतपणात अडली होती. होडीही नव्हती, कारण तिच्याच फळ्यांचं व्यासपीठ केलं होतं.

"रावसाहेब, कापा की फीत."

"बाई, फेटा थांबलाय."

"फेट्याला काय धाड भरलीय? माझी लेक थांबायची न्हाई. आणा हिकडं!"

तिने फेटा उचलून डोक्यावर ठेवला. त्रिंबकरावांनी तत्काळ मुजरा केला. "महाराजांचा विजय असो! पण सरकार, भाषणाशिवाय उद्घाटन लागू होत नाही."

"लेक अडलीया," महाराज म्हणाले. "सरका."

टाळ्या झाल्या. सोन्याच्या कात्रीने रेशीम कापलं जाईना, तेव्हा महाराजांनी फीत दातांनी तोडली. पूल पलीकडच्या काठाला अलगद टेकला.

महाराज पळत सुटले. महाराज पळत असताना मागे चालणं हा अवमान, म्हणून छत्र, चामर आणि बँडसकट सगळा दरबार पळाला. हिवरीला सुंद्राच्या दाराबाहेर आम्ही धापा टाकत उभे राहिलो. आत बराच वेळ सुंद्रा ओरडत होती. मग बाळ रडलं, आणि खोटं कशाला सांगू, आम्हीही रडलो.

त्रिंबकरावांनी डोळे पुसले आणि दाराची कडी वाजवली. "फेटा परत न्यायचा आहे."

ठकूबाई बोडक्या डोक्याने बाहेर आली. "घरात जुनेर गावंना. पोरीला त्यातच गुंडाळलीया."

त्रिंबकरावांनी क्षणभर विचार केला. मग आत वाकून त्यांनी बाळाला निजवलेल्या सुपाला मुजरा केला. "महाराजांचा विजय असो," ते म्हणाले, पण हळू आवाजात, कारण महाराज झोपले होते.

जुने महाराज आठवड्याने येऊन पूल बघून गेले. पडसं बरं होतं.

कालव्याचं उद्घाटन खरं तर पुढच्या महिन्यात व्हायचं. पण महाराजांनी अजून मान धरलेली नाही, म्हणून ते दिवाळीनंतर ठेवलं आहे.