गाडी मागे येत आहे

वॉल्टरच्या होडीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं, तेव्हा त्याचा मोबाइलही भिजून गप्प झाला होता. दुपार टळली, ऊन उतरलं, आणि अर्नाळ्याच्या बंदरावर उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने, इझाबेलने, तोंडपाठ होती तेवढ्या संतांची नावं घेऊन संपवली. शेवटी दुसऱ्या एका होडीने वॉल्टरची होडी ओढत आणली. वॉल्टर हसत हसत उतरला, आणि तिथेच त्याचं चुकलं.

"आता बस झालं," इझाबेल कडाडली. "ही होडी मर्विनला देऊन टाक. तुझी वाट बघून बघून मीच मरायची एक दिवस."

मर्विनचं गावाबाहेर रिसॉर्ट होतं. जुनी होडी लॉनवर ठेवायची आणि तिच्यात झेंडू लावायचा, असा त्याचा बेत होता. आता ही होडी वॉल्टरच्या बापाने अस्सल सागवानात बांधून घेतलेली, आणि वर बायकोचं नाव रंगवलेलं, 'प्रिस्का'. आईच्या नावाच्या होडीत झेंडू, या कल्पनेनेच वॉल्टरला घास गिळेना.

"दुसरं इंजिन बसवतो," तो गयावया करत म्हणाला. "समोरच्या बेटावरच्या किल्ल्याला फेरी मारून दाखवतो. बंद पडली तर मर्विनची, नाय पडली तर आपली."

"रविवारपर्यंत. सोमवारी त्याची क्रेन येनार हाय."

जुनं इंजिन बनवणारी कंपनीच जगात उरली नव्हती, आणि नवं परवडणारं नव्हतं. वॉल्टर हात टेकणार, एवढ्यात भुईगावचा दिनानाथ मदतीला धावला. दिनानाथची केळीची वाडी होती, आणि केळी वाहून वाहून म्हातारा झालेला त्याचा ट्रक भंगारात निघाला होता.

"इंजिन अजून ठणठणीत आहे रे," तो म्हणाला. "त्याच्यावर माझी पोरं शिकली. हातोडा पडताना बघवणार नाही मला. तू ने. फक्त पहिल्या फेरीला चालवणार मी."

वॉल्टरने त्याला गच्च मिठी मारली. दिनानाथने आयुष्यात कधी समुद्रात पाऊल टाकलं नव्हतं, हे त्या मिठीत दोघेही विसरले.

इंजिन बसवायला हायवेवरचा मेकॅनिक संग्राम आला. त्याचा ट्रकवर हात बसलेला, होडी त्याने फक्त लांबून पाहिलेली. त्याने इंजिनासोबत गिअरबॉक्स आणला, क्लच आणला, वायरिंग आणलं, ड्रायव्हरची सीटसुद्धा आणली. "टेन्शन नाय काका. सगळा सेट जसाच्या तसा. एकदम कंपनी फिटिंग!"

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर निम्मं गाव बंदरावर जमलं. वॉल्टरने छातीवर क्रुसाची खूण करून सुकाणू धरलं. दिनानाथने इंजिनाला नमस्कार केला, क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकला.

होडी थेट मागे निघाली.

मागे गुडघाभर पाण्यात मासळीची पाटी घेऊन हंसा उभी होती. ती ओरडली, "अरे मेल्यांनो, पुढं बघून चालवा की!"

"पुढंच बघतोय!" दिनानाथ घाबरून म्हणाला आणि त्याने दुसरा गिअर टाकला. होडी आणखी जोरात मागे गेली. हंसाने पाटी टाकून किनारा गाठला.

संग्रामने डोकं खाजवलं. मग त्याच्या ध्यानात आलं. "ओ काका! जुनं इंजिन उलटं फिरायचं, हे सुलटं फिरतंय. खाली पाण्यातला पंखा तोच राहिला ना! उद्या बदलून देतो."

"उद्या क्रेन येनार!" वॉल्टर किंचाळला.

"मग रिव्हर्स टाका!"

दिनानाथने रिव्हर्स टाकला. 'प्रिस्का' डौलात पुढे निघाली, आणि वायरिंगसोबत आलेल्या ट्रकच्या रिव्हर्सच्या भोंग्यातून एका बाईचा ठणठणीत आवाज साऱ्या किनाऱ्यावर घुमला.

"सावधान! गाडी मागे येत आहे! सावधान! गाडी मागे येत आहे!"

बंदरावर माणसं पोट धरधरून हसली. वॉल्टर लाजेने लाल झाला. त्याने एक वायर उपटली, तर बाई गप्प झाली आणि इंजिनही गप्प झालं. संग्रामने दोघांना एकाच वायरवर बसवलं होतं. वॉल्टरने निमूटपणे वायर परत जोडली. बाई किंचाळत राहिली, होडी पुढे जात राहिली, आणि अशी वाजतगाजत ती किल्ल्याच्या मागे दिसेनाशी झाली.

परतताना धक्का जवळ आला तसा दिनानाथ पायाने काहीतरी चाचपू लागला.

"काय शोधतोस?"

"ब्रेक!"

"दिना, होडीला ब्रेक नसतो रे!"

घाबरलेल्या दिनानाथने हाताला येईल तो गिअर टाकला. तो नेमका पहिला निघाला. होडी मागे खेचली गेली आणि धक्क्यापासून हातभर अंतरावर अलगद थांबली. इतक्या सफाईने त्या बंदरात कोणी होडी लावली नव्हती. टाळ्या पडल्या.

वॉल्टरने उतरताच संग्रामची कॉलर धरली. "आधी त्या बाईचं तोंड बंद कर!"

"खबरदार!" मागून इझाबेल आली. तिचे डोळे भरले होते. "तू किल्ल्यामागं गेलास की दरवेळी मी संतांची नावं घेत बसते. आज नाय घेतली. ती बोलतेय म्हंजे इंजिन चालू हाय. इंजिन चालू हाय म्हंजे तू हायस."

वॉल्टरने संग्रामची कॉलर सोडली. त्याने तिचा हात धरला.

"पण मावशी," संग्राम चाचरला, "पंखा बदलला की होडी पुढच्या गिअरला चालणार. मग बाई नाही बोलणार."

"मग पंखा बदलायचा नाय."

मर्विनची क्रेन आलीच नाही. बापाने होडी दिली, दिनाने इंजिन दिलं, आणि उलटा पंखा खुद्द देवाने दिला, असं वॉल्टर आता भेटेल त्याला सांगतो. 'प्रिस्का' रोज रिव्हर्समध्ये समुद्रावर जाते. इझाबेल ओट्यावर निवांत बोंबील साफ करत बसते, आणि आवाज किल्ल्याला वळसा घालून जवळ येऊ लागला, की उठून भात टाकते.