काट्यावरचं वऱ्हाड

“लोड किती राहतो, काका?” गिरिधरनं विचारलं.

“बावीस माणसं,” बद्रीनाथ म्हणाले. “घरचीच. अन् वर हंडे-भांडे, गाद्या.”

गिरिधर जालन्यात मस्तगडला राहायचा, ट्रॅक्टरच्या दुकानात बसायचा आणि गिऱ्हाइकाच्या चपलेवरून त्याचं शेत किती असेल ते ओळखायचा. पण नांगरट नाही, मळणी नाही, घरची माणसं ट्रॉलीतून चढावर ओढायला ट्रॅक्टर पाहिजे, असं सांगणारं गिऱ्हाईक त्याच्या सात वर्षांत आलं नव्हतं.

“माणसं नका सांगू, वजन सांगा. क्विंटलमध्ये. मग पस्तीस हॉर्सपॉवरचा दाखवायचा का पंचेचाळीसचा, ते ठरवू.”

बद्रीनाथांना हे पटलं. हसनाबादेत त्यांचं नाव होतं ते मोजमापासाठीच. सोयाबीनचं पोतं असो की पाहुण्याचा मुक्काम, त्यांच्याकडे आकडा तयार असायचा. फक्त घरच्या माणसांचा आकडा त्यांनी कधी काढला नव्हता, आणि त्यामुळेच नाक कापलं गेलं होतं.

झालं होतं असं. माघात धाकट्या मुलाचा, शिवाजीचा साखरपुडा खडकवाडीला होता. गाव टेकडीवर, आणि गावाआधी एक उभा चढ. बद्रीनाथांचा जुना पंचवीसचा ट्रॅक्टर सगळं घर ट्रॉलीत घेऊन निघाला. चढाच्या मध्यावर त्याची पुढची चाकं जमिनीपासून वीतभर उचलली. स्टिअरिंगवर धाकटा भाऊ कडूबा होता. तो ओरडला, “उतरा, उतरा, जल्दी उतरा.” मग जरीच्या साड्या खोचून बायका उतरल्या, पुरुषांनी खांदे लावले, पोरांनी चाकामागं दगड टाकले आणि वरपक्ष ट्रॅक्टर ढकलत ढकलत मुलीच्या दारात पोचला. तिथं व्याही भुजंगराव फेटा बांधून उभे होते. त्यांनी शांतपणे सगळं पाहिलं आणि विचारलं, “बद्रीनाथराव, तुम्ही ट्रॅक्टरमधी आले, का ट्रॅक्टरला घेऊन आले?”

पंगतीत चौघांनी ते वाक्य परत म्हटलं. बद्रीनाथांना बुंदी गिळवेना. लग्न वैशाखात, त्याच दारात, त्याच चढावरून. या खेपेला घरचं एकही माणूस चढावर उतरता कामा नये, एवढं त्यांनी तिथंच ठरवलं.

तर आता वजन. गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या मोजायचा मोठा काटा होता. चैत्रात कापूस संपलेला, काटेवाला कचरू दिवसभर बाकावर झोपलेला. बद्रीनाथांनी त्याला उठवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं घर ट्रॉलीत भरून आणलं.

घरातल्या सगळ्यात मोठ्या म्हणजे साळूआत्या, बद्रीनाथांच्या वडलांची बहीण. त्या ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. “पुढाऱ्याची पेढ्यांनी तुला करतेत तशी माझी करून राह्यलास का रे, बद्र्या? मला गूळ चालंल.”

“तुला न्हाई, आत्या. ट्रॅक्टरसाठी वजन.”

“जितं माणूस काट्यावर?” बद्रीनाथांची बायको सोनूबाई म्हणाली. “आमी काय सरकी हाव?”

ट्रॅक्टर सोडवून ट्रॉली काट्यावर उभी केली. आत बावीस माणसं. कचरूनं सुई पाहून आकडा सांगितला, पंचवीस क्विंटल. रिकामी ट्रॉली चौदाची, ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे माणसं अकरा क्विंटल. इथंच कागद घडी करून खिशात टाकला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ढोबळ आकड्यावर बद्रीनाथांचं समाधान होत नसे.

“आता एकेक जण उतरा,” ते म्हणाले. “कोणाचं किती ते बराबर कळू द्या. नवरदेवाच्या जीपमधी चार जागा हायेत. जड माणसं तिकडं टाकू, तेवढाच ट्रॉलीचा भार कमी.”

मान म्हणून साळूआत्या आधी उतरल्या. सुई हलली नाही.

“कचरू, काटा अडकला का?”

“अडकला न्हाई, काका. गाड्यांचा काटा हाय ह्यो. पन्नास पन्नास किलोनं सरकतोय. बारीक माल त्याला समजत न्हाई.”

“म्हंजी मी न्हाईच म्हण की,” साळूआत्या म्हणाल्या. बद्रीनाथांनी कागदावर लिहिलं: साळूआत्या, शून्य.

दुसरी उतरली पुष्पाबाई, कडूबाची बायको. अंगानं बेताची, पदर कपाळापर्यंत. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर ती एकवीस वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. तिचा पाय जमिनीला लागला आणि सुई धाडकन एक क्विंटलनं खाली आली.

आता यात काट्याचं काही चुकलं नव्हतं. आत्याबाईंचे अडतीस किलो त्यानं मागल्या पानावर ठेवले होते, ते पुष्पाबाईच्या बासष्टांत मिळवून पुढल्या पानावर दाखवले, इतकंच. पण काटा बोलत नाही आणि बद्रीनाथ आकड्याशी वाद घालत नाहीत. त्यांनी लिहिलं: पुष्पाबाई, एक क्विंटल.

ट्रॉलीतल्या माना तिच्याकडे वळल्या. मग पोरांतून कोणीतरी खुदकन हसलं. पुष्पाबाईनं पदर सावरला, भासऱ्यांकडे पाहिलं आणि एकवीस वर्षांतलं पहिलं वाक्य बोलली.

“आत्याबाईचं वजन माझ्या नावावर लिहू नका.”

“मी न्हाई लिहिलं, काट्यानं लिहिलं.”

“मंग काट्यालाच जीपमधी बसवा.”

सोनूबाईनं ट्रॉलीच्या फळीला घट्ट धरलं. “मी उतरत न्हाई. आधी तुमी चढा.”

बद्रीनाथ चढले. सुई एक क्विंटलनं वर गेली. खाली उभ्या कडूबानं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलताना सगळ्यांना दिसले.

“कापसाचा काटा हाय,” बद्रीनाथ म्हणाले. “माणसाचं त्याला काय समजतंय.” आणि स्वतःचं नाव सोडून बाकीचा कागद पुरा केला.

तो कागद त्यांनी गिरिधरला दाखवला, तिथवर ठीक होतं. पण येताना हॉटेलात दाखवला, पारावर वाचला आणि न्हाव्याकडे दाढी करताना पाठ म्हटला. घरातला एक एक आकडा गावात फिरला. आठ दिवसांत शाळेतली पोरं पुष्पाबाईला क्विंटलकाकू म्हणायला लागली. जीपच्या चार जागांसाठी एरवी घरात अबोला धरायचे. आता जीपमध्ये बसणं म्हणजे जड असल्याची कबुली. कोणी तयार होईना. शेवटी नवरदेवासोबत चार बारकी पोरं पाठवायचं ठरलं.

गिरिधरनं मात्र इमानानं सांगितलं, “काका, ट्रॉली धरून पंचवीस क्विंटल. पस्तीसचा आरामात ओढेल.”

“भुजंगरावांकडं कोणता हाय?”

“त्यांनी मागल्या साली पस्तीसचाच नेला.”

“मंग पंचेचाळीसचा दाखव.”

लग्नाच्या दिवशी नवा ट्रॅक्टर अंगणात उभा राहिला. बॉनेटवर झेंडूचा हार, मडगार्डवर कुंकवाची स्वस्तिकं. नवरदेवाची जीप पुढं गेली. मग बायका ट्रॉलीत बसल्या, मुकाट्यानं. एकीनंही गादीवरून, जागेवरून भांडण काढलं नाही. बद्रीनाथांना वाटलं, ट्रॅक्टरचा दरारा. बायकोच्या अशा शांततेचा अर्थ तीस वर्षांच्या संसारानंतर तरी त्यांना कळायला हवा होता. ते मडगार्डवर बसले, नवं धोतर सारखं करत, आणि वाटेत भुजंगरावांना काय बोलायचं ते जुळवत राहिले. “व्याहीबुवा, या वक्ताला ट्रॅक्टरमधीच आलो,” हे त्यांनी पक्कं केलं.

चढाच्या पायथ्याशी सोनूबाईनं फळीवर बांगड्या वाजवल्या. “कडूबा भाऊजी, थांबवा.”

“काय झालं?” बद्रीनाथांनी वळून पाहिलं. बायका उतरत होत्या. “अगं, उतरता काहून? ह्यो पंचेचाळीसचा हाय. खुशाल बसा.”

“बसलो असतो,” सोनूबाई म्हणाली, “पण आमी जड हाव. गावात पोरंसोरं सांगतेत.”

“अगं, शिवाजीचे माय, वर सनई वाजून राह्यली. भुजंगराव बघत असतील.”

“बघू द्या. तुमच्या नव्या ट्रॅक्टरची चाकं उचलली तर मंग? आमचंच नाव व्हईल.”

बद्रीनाथांनी खिशातून कागद काढला आणि सगळ्यांसमोर त्याचे चार तुकडे केले. पुष्पाबाईनं तुकड्यांकडं पाहिलं. “कागद फाडून काय होतंय?” ती म्हणाली. तिचं हे तिसरं वाक्य. “समद्या गावाला पाठ झालाय. वाटलं तर म्हणून दाखवते.”

“चुकलं माझं,” बद्रीनाथ म्हणाले. हे ते इतकं हळू म्हणाले की इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा म्हणायला त्यांची जीभ वळली नाही.

बायका चालायला लागल्या. त्यांच्यामागं लेकरं गेली. मग ट्रॉलीत नुसतेच बसलेले पुरुष एकमेकांकडं पाहू लागले. बायका उन्हात चढ चढतायत आणि आपण गादीवर, हे बरं दिसेना. एकानं पाय मोकळे करायचे म्हणून उडी मारली, दुसऱ्यानं चपलेत खडा गेला म्हणून. दोन मिनिटांत ट्रॉली रिकामी झाली.

अगदी रिकामी नाही. मधोमध, गादीवर, लोडाला टेकून साळूआत्या बसल्या होत्या.

“आत्या, तुमी?” बद्रीनाथांनी विचारलं.

“मी कशापायी उतरू? मी त्या कागदात न्हाईच. बसले काय अन् न बसले काय. हाण रे कडूबा.”

पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर चढावर निघाला. काय गेला म्हणता. गिअर बदलायलासुद्धा लागला नाही. चाकं जमिनीला चिकटून, धूर सरळ आभाळात. मडगार्डवर बद्रीनाथ आणि मागं लांबच लांब रांगेत, घाम पुसत, पदरानं वारा घेत, सगळं वऱ्हाड पायी.

भुजंगराव कमानीखाली उभे होते, तोच फेटा. त्यांनी आधी ट्रॅक्टर पाहिला. त्याची मोठी चाकं पाहिली, हार पाहिला. मग मागची रांग पाहिली, शेवटचं माणूस वर येईपर्यंत सावकाश पाहिली.

“रामराम, व्याहीबुवा,” बद्रीनाथ म्हणाले. जुळवलेलं वाक्य त्यांनी गिळून टाकलं.

“रामराम. नवा घेतला म्हणं. किती पावरचा?”

“पंचेचाळीस.”

“वा. अन् लोड किती व्हता?”

बद्रीनाथांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. पण खिशात आता काही नव्हतं. तेवढ्यात मागून ट्रॉलीतून उत्तर आलं.

“लोड काय न्हाई, बाबा,” साळूआत्या म्हणाल्या. “मी एकटीच हाय, अन् काट्यानं मला शून्य धरलंय. आता कुणीतरी उतरवा जल्दी. येवढा चढ चढून कंबर भरून आली.”