साडेनऊ हजारावा दिवस

"अहो, कोणी मागे लागलंय का आपल्या?" अंबाडा सावरत बायकोने विचारलं.

बॉयलरसाहेबांचं लक्ष रस्त्यावर नव्हतं, सुईवर होतं. पुलाच्या चढावर त्यांनी गाडीला जरा पाय दिला होता आणि टर्बोच्या दाबाची सुई पॉइंट सातवर थांबायच्या ऐवजी पॉइंट आठला जाऊन बसली होती. साहेबांच्या कपाळाला घाम फुटला.

कापड रंगवायच्या कारखान्यात साहेब सव्वीस वर्षं बॉयलर सांभाळत होते, म्हणून हे नाव. खरं नाव बायकोलाही आठवून सांगावं लागे. त्यांची सगळी पुण्याई एका पाटीवर होती. फाटकाच्या आत टांगलेली, पत्र्याचे आकडे बदलायची पाटी. 'स्फोटाविना गेलेले दिवस.' तिची किल्ली फक्त साहेबांच्या खिशात. आज अकरा वाजता मोठ्या मालकांसमोर ते नऊ हजार चारशे नव्याण्णव काढून साडेनऊ हजार लावणार होते. शनिवारी निवृत्ती. माणूस मागे काही तरी ठेवून जातो म्हणतात. साहेब आकडा ठेवून जाणार होते.

गाडी मेहुण्याने गळ्यात मारलेली. टर्बोची, म्हणजे इंजिनात दाबाने हवा फुंकणारी, आहे म्हटल्यावर साहेबांची झोप उडाली. "दाबाखालच्या वस्तूत मी बसायचं आणि हाताशी व्हॉल्व्ह नाही? शक्य नाही." मग मेहुण्याने स्टिअरिंगखाली एक पितळी व्हॉल्व्ह बसवला, शेजारी दाबाचं घड्याळ लावलं. "भाऊजी, एका वेळी पाव फेरा. आणि एक लक्षात ठेवा, हा व्हॉल्व्ह..."

"दाबाचं तू मला शिकवू नकोस," साहेब म्हणाले होते. मेहुण्याने हत्यारं आवरली. नडलं ते तिथे.

आता साहेबांनी व्हॉल्व्ह पाव फेरा उघडला. पुढे एक मालगाडीसारखा लांबलचक ट्रक ओलांडायचा होता. पाय दाबला तशी गाडीने अशी काही उसळी घेतली की बायकोची पर्स मागच्या सीटवर गेली. सुई थेट एकवर.

"अगं बाई! हळू!"

"मी हळूच आहे. गाडी हळू नाहीये." साहेबांनी आणखी अर्धा फेरा उघडला.

पुढच्या सिग्नलवरून निघताना सुई एकच्याही पुढे गेली. मेहुण्याने तिथे लाल रेघ मारली होती. सुईने ती बिनदिक्कत ओलांडली.

"तुम्ही तो नळ उघडताय आणि ती सुई वर चाललीय," बायको म्हणाली. "बंद करून बघा ना जरा."

"बंद? अगं, व्हॉल्व्ह उघडला की दाब कमी होतो. हे कुकरलासुद्धा कळतं."

"मग सुईला का कळत नाही?"

"सव्वीस वर्षं मी काय भजी तळत होतो का?" साहेब कडाडले. बायकोने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. साहेबांनी व्हॉल्व्ह पुरता उघडून टाकला आणि उरलेला रस्ता बैलगाडीच्या चालीने, मागच्यांच्या शिव्या खात काढला. सुई शून्यावर झोपली. "बघितलंस?" ते म्हणाले. त्यांच्या जिवात जीव आला. बायकोने बघितलं नाही.

कारखान्याच्या फाटकाशी मात्र खडा चढ होता. अकराला दहा मिनिटं कमी. आत अंगणात खुर्च्या मांडलेल्या, मोठे मालक पहिल्या रांगेत. व्हॉल्व्ह तर पूर्ण उघडा आहे, आता कसली भीती, म्हणून साहेबांनी पाय सगळा दाबला. गाडी किंचाळत चढ चढली, फाटकातून आत घुसली आणि 'फाट्!' असा आवाज झाला की पाटीवरची कबुतरं उडाली. बॉनेटखालची जाड रबरी नळी फाटून लोंबत होती. गाडीने काळा धूर सोडला आणि मान टाकली.

साहेब उतरले. त्यांची नजर फाटकाकडे गेली. नियम त्यांचाच होता, त्यांच्याच अक्षरात फाटकावर लावलेला: 'आवारात दाबाखालील कोणतीही वस्तू, कोणत्याही कारणाने फुटल्यास स्फोट धरावा. अपवाद नाही.'

मॅनेजर धावत आला. "साहेब, तुमची स्वतःची गाडी आहे हो. कारखान्याचा काय संबंध? सोडून द्या. मालक वाट बघतायत."

साहेबांना क्षणभर वाटलं, खरंच द्यावं सोडून. तेवढ्यात कँटीनचा आचारी येऊन उभा राहिला. चार वर्षांपूर्वी याच फाटकाशी त्याच्या सायकलची ट्यूब फुटली होती. साहेबांनी गुडघ्यावर बसून टेपने माप घेतलं होतं. चाक फाटकाबाहेर चार बोटं निघालं म्हणून आकडा वाचला. तरी आचाऱ्याकडून दोन पानी खुलासा लिहून घेतला होता.

"टेप आणलाय साहेब," आचारी नम्रपणे म्हणाला.

"नको," साहेब म्हणाले. "आत आहे. दिसतंय."

बायकोने तोवर भावाला फोन लावला होता. "अरे, काय बसवून दिलंयस तू? पूर्ण उघडला तरी फुटलं!"

"पूर्ण?" फोनमधून मेहुणा ओरडला. आसपासच्या सगळ्यांना ऐकू गेलं. "ताई, तो उलटा चालतो! दाब किती झाला हे टर्बोला एका बारीक नळीतून कळतं, व्हॉल्व्ह त्या नळीवर आहे. मधेच हवा सोडली की त्याला वाटतं अजून दाब झालाच नाही, मग तो आणखी फुंकतो. कमी करायचा तर बंद करायचा. मी सांगत होतो भाऊजींना..."

बायकोने फोन ठेवला. साहेबांना वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. पण धरणीवर फरशी होती.

त्यांनी खिशातून किल्ली काढली. आचाऱ्याने शिडी धरली. साहेब चढू लागले.

कामगारांना मॅनेजरने सकाळीच बजावलं होतं, साहेब शिडीवर चढले की टाळ्या. मागच्या रांगांना नियम ठाऊक असला तरी नळी कुठे दिसत होती? टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या कडकडाटात साहेबांनी नऊचा पत्रा काढला आणि शून्य लावलं. मग चार काढला, शून्य लावलं. टाळ्या विरल्या. तिसऱ्या शून्याला एकटे मोठे मालक वाजवत होते. त्यांना लांबचं दिसत नसे. चौथ्याला तेही थांबले.

साहेब वरच थांबले होते. उतरायचं कुठल्या तोंडाने?

"या खाली," बायको शिडीच्या पायथ्याशी येऊन हळूच म्हणाली. "उद्या एक होईल की."

आज बुधवार. साहेब मनात बोटं मोजत एकेक पायरी उतरले. शनिवारी निघताना पाटीवर तीन असणार होते.