दाजींच्या छातीतला इंग्रजी शब्द

दाजी परब घोरत नसत. हे मी नाही, दाजी म्हणायचे. रात्रपाळी करून गिरणीतून आले की जेवून आमच्या लालबागच्या चाळीच्या गॅलरीत पथारी टाकायचे आणि जरा वेळानं आमच्या फळीवरची भांडी किणकिणू लागायची. हलवून उठवलं, तर डोळे न उघडता म्हणायचे, "घोरता कोण? मी जागोच आसंय."

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती मुलगी, सुमन, वरळीला बीडीडी चाळीत दिलेली. एकटा माणूस, पण चाळीत दुसऱ्या कुणाला एकटं बसू देत नसे. कुणाच्या कालवणात कोकम कमी पडलंय, हे चव न घेता सांगायचे आणि वर, "मी सांगतंय तां आयक."

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. शिवाजी पार्कवरच्या सभेत 'झालाच पाहिजे' शेवटच्या रांगेपर्यंत आपल्यामुळेच पोचतं, अशी दाजींची खात्री. त्या ओरडण्यात घसा बसला, मग खोकला लागला आणि हटेना. शेवटी छातीचा फोटो काढवून मी त्यांना नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाठीला नळी लावली आणि कंपाउंडरला म्हणाले, "रॉन्काय आहेत. दोन्ही बाजूंना."

दाजींनी सदरा चढवला आणि मी काही विचारायच्या आत सरळ बाहेर पडले. फोटो पाकिटातच राहिला.

गिरणगावात क्षयाचं नाव कुणी घेत नसे. 'तो आजार' म्हणायचं आणि विषय बदलायचा. तेव्हा डॉक्टर इंग्रजीत बोलले, म्हणजे काय ते दाजींना कळलं. पण मला त्यांनी काही सांगितलं नाही. आपला कप वेगळा केला, पथारी गॅलरीच्या टोकाला नेली, जवळ येणाऱ्या पोरांना हाकलू लागले. चाळ म्हणाली, म्हातारा माणूसघाणा झाला. मलाही तसंच वाटलं.

तेवढ्यात सुमनला मुलगी झाली. बारशाला दाजी गेलेच नाहीत. झबलं माझ्याकडे दिलं. "सांगा, रजा नाय गावली." सुमन मला दारातच म्हणाली, "मास्तर, बाबा रागावलेत का हो माझ्यावर?" मी झबलं तिच्या हातात ठेवलं. परत येऊन मी दाजींना फैलावरच घेतलं. तेव्हा कुठे बोलले.

"रॉन्काय," दाजी म्हणाले. "दोन्ही बाजूंनी."

"म्हणजे काय?"

"तुमी शिकलेली माणसां. समजून घ्या."

मला तरी कुठे ठाऊक होतं! दुसऱ्या दिवशी त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. "साफ आहे. पळून का गेलात?"

"आणि ते रॉन्काय?" मी विचारलं.

"अहो, तो आजार नव्हे, आवाज आहे. श्वासनळीत कफ अडकलाय. हवा त्यातून जाताना घोरल्यासारखं वाजतं, त्याला रॉन्काय म्हणतात. खोका बघू." दाजी खोकले. डॉक्टरांनी पुन्हा नळी लावली. "झाले की कमी. वाफ घ्या, औषध घ्या आणि सभेत जरा गप्प बसा."

मला हायसं वाटलं. दाजींची मुद्रा मात्र कठोर झाली. इतके दिवस निमूट मरायला तयार असलेला हा माणूस ताठ बसून म्हणाला, "घोरल्यासारखां? डॉक्टर, मी घोरणंय नाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. खाली रस्त्यावर आल्यावर मात्र मला हसू आवरेना. हसून मान वर करतो, तर दाजी वरळीच्या वाटेला लागलेले.

सुमननं दार उघडलं. "आज मिळाली वाटतं रजा?" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता पोरगी त्यांच्या हातात दिली. दाजींनी ती आधी हात लांब करून धरली. मग हळूहळू जवळ घेतली.

"नाव काय ठेवलंस गो?" त्यांनी विचारलं.

"मास्तर बारशाला होते की. त्यांनी नाही सांगितलं?"

"मीच सांगूक दिलंय नाय. नाव कळलां असतां, तर जीव अडाकलो असतो माझो."

सुमनचे डोळे भरले. तिनं नाव सांगितलं, सुलभा. दाजी ते हलक्या आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मध्येच खोकला आला. त्यांनी तोंड तेवढं बाजूला वळवलं, पोरगी खाली ठेवली नाही.