उतरत्या किमतीचे पेढे

आमच्या शेजारचे दामूअण्णा त्यांच्या गाडीची किंमत उतरली की पेढे वाटतात.

चढली की नव्हे, उतरली की. पहिल्यांदा माझ्या हातावर पेढा पडला तेव्हा मला वाटलं, यांना नातू झाला. मी अभिनंदन करून मोकळा झालो. तर अण्णा म्हणाले, "पाच लाखांवरनं सव्वाचारवर आली रे! आता तूच सांग, एवढ्याशा पैशात कोण शाना गाडी विकंल?" मी पेढा गिळला आणि विषय तिथेच सोडला. सत्तरीच्या माणसाशी सकाळी सकाळी कोण वाद घालणार?

पेणच्या रामवाडीत माझं औषधांचं दुकान आहे आणि दुकानासमोरच अण्णांचं घर. रोज सकाळी नाश्ता झाला की अण्णा पंचा खांद्यावर टाकून येतात, माझ्या बाकावर बसतात आणि मोबाइल स्पीकरवर टाकून जुन्या गाड्यांच्या दलालांना फोन लावतात. इकडे गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत असतं आणि तिकडून पनवेलचा दलाल ओरडत असतो, "काका, त्या मॉडेलला आता कुत्रं विचारत नाय!" अण्णांचा चेहरा उजळतो. "परत एकदा बोल," म्हणतात, "जरा मोठ्यानं." लेकराचा ताप उतरल्यावर आईचा चेहरा होतो ना, अगदी तसा. मग पंच्याने तोंड पुसून मला सांगतात, "घाई कशाला करायची? अजून उतरंल."

"घाई कशाला करायची" हे अण्णांचं आवडतं वाक्य. जन्म, लग्न, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, सगळ्यांना ते एकच लावतात.

आता गाडीबद्दल सांगितलं पाहिजे. गाडी जर्मन, काळीभोर, इतकी लांब की पुढचं तोंड आमच्या गल्लीत शिरलं तरी शेपूट अजून हायवेवरच. अण्णा आणि त्यांचा धाकटा भाऊ वसंत यांची धरमतरच्या खाडीकडची खाराची जमीन एका कंपनीने घेतली, त्या पैशातून दोघांनी मिळून ती घेतली. तीही जुनीच, मुंबईच्या एका हिऱ्यांच्या व्यापाऱ्याकडून. वर्षभरात भावाभावांत बिनसलं. कशावरून ते अण्णा सांगत नाहीत. विचारलं की सायलेन्सरबद्दल बोलायला लागतात. वाटण्या झाल्या. घर, भांडीकुंडी, आईच्या पाटल्या, सगळं निम्मं निम्मं झालं आणि वसंतराव बिऱ्हाड घेऊन रोह्याला गेले. राहिली ती गाडी, कारण तिचे दोन भाग होईनात. कागदावर नाव अण्णांचं, पैसे दोघांचे. पंचांनी सांगितलं, चांगली किंमत आली की विका आणि पैसे वाटून घ्या. तोवर एक महिना पेण, एक महिना रोहा.

ती चांगली किंमत आजपर्यंत आलेली नाही. येणार कशी? अण्णा येऊ देतील तर ना!

एकदा अलिबागचे एक डॉक्टर गाडी बघायला आले. सूटबूट, सोबत बायको, बाईंच्या अंगावर सेंट. अण्णांनी मोठ्या अदबीने दार उघडलं आणि आतून सुक्या बोंबलांचा असा भपकारा आला की डॉक्टरीणबाई दोन पावलं मागे सरल्या. "धरमतरच्या जेटीवर उभी असते ना," अण्णा नम्रपणे म्हणाले, "वास बसलाय. एसी लावला की जास्त येतो." डॉक्टर चहा न घेताच गेले. संध्याकाळी अण्णांच्या घरातून काकूंचा आवाज गल्लीभर ऐकू आला, "माझे बोंबील गाडीत कुनी नेऊन ठेवले गो बाय? आता पावसाळ्यात काय खायाचं?"

गाडी चालवण्याची अण्णांची तऱ्हाही वेगळी. गाडीचं पोट जमिनीला टेकतं, म्हणून गतिरोधक आला की ते सगळ्यांना खाली उतरवतात. आपण रस्त्याने चालत पलीकडे जायचं, गाडी सुनेसारखी हळूच उंबरा ओलांडते, मग पुन्हा बसायचं. पेणहून वडखळला जाईपर्यंत माणूस अर्धा पायीच जातो. आणि अण्णा गाडी मागे घेत नाहीत. "मागं बघून पुढं जाता येतं, पण मागं जाता येत नाय," असं काहीतरी तत्त्वज्ञान सांगतात. खरं कारण, त्यांना रिव्हर्स जमत नाही. त्यासाठी दुकान बायकोवर टाकून मला जावं लागतं.

याच कामासाठी एकदा मी त्यांच्याबरोबर रोह्यालाही गेलो. गाडी सोडायला आणि आणायला नेहमी अण्णाच जातात. थोरले असून. वसंतराव पेणला पाऊल टाकत नाहीत. त्या दिवशी गाडी आणायची होती, म्हणून आम्ही दुपारच्या पॅसेंजरने निघालो. वसंतरावांचं घर कुंडलिका नदीच्या अंगाला, साधं, कौलारू. अण्णा फाटकाच्या आत आले, पण अंगणातच थांबले. पायरी चढले नाहीत. चहा बाहेर आला. दोघे भाऊ गाडीच्या दोन बाजूंना उभे राहिले, मधे बॉनेट.

"चढ-उतार करताना तरास होतो काय?" वसंतरावांनी गाडीकडे बघत विचारलं.

"डाव्या अंगाला होतो जरा. सकाळच्याला जास्त," अण्णाही गाडीकडेच बघत म्हणाले.

"तेल लावायचं मग."

"लावतो."

मला दोन घोट चहा प्यायल्यावर उमजलं की बोलणं अण्णांच्या गुडघ्याबद्दल चाललं आहे. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण इथे तर भांडंच साडेसोळा फूट लांब होतं.

मग गाडी बाहेर काढायची वेळ आली. मी रिव्हर्सच्या तयारीने बाह्या सरसावल्या, तर वसंतराव म्हणाले, "काय गरज नाय. मागनं जा सरळ." घरामागच्या भिंतीत नवंकोरं फाटक बसवलेलं होतं. भिंत का पाडली म्हणून विचारलं, तर म्हणाले, "गुरांसाठी." त्यांच्याकडे शेळीसुद्धा नाही. अण्णा गाडीत बसले आणि मागच्या फाटकातून सरळ, रुबाबात बाहेर पडले. नागोठणं येईपर्यंत मी गतिरोधकांवर उतरत-चढत राहिलो.

हे असंच चाललं असतं, पण अण्णांच्या मुलाने, निलेशने मनावर घेतलं. निलेश खारघरला असतो, चांगला मुलगा आहे, विमा वगैरे तोच भरतो. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गाडीला पंधरा वर्षं होत आली होती. पुन्हा पासिंग करायचं तर टायर, सस्पेन्शन, रंग, सगळं आलं. नाकापेक्षा मोती जड. "अण्णा, या महिन्यात गाडी विकायची," त्याने निक्षून सांगितलं. अण्णा निर्धास्त होते. "घेतंय कोन?" म्हणाले, आणि पेढे आणायला गेले.

तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. किंमत इतकी खाली आली होती की आता वेगळ्याच जातीचं गिऱ्हाईक आलं.

एके दिवशी सकाळी एक गोरटेला, गोडबोल्या गृहस्थ माझ्या दुकानात येऊन अण्णांची चौकशी करू लागला. त्याला निलेशने पाठवलं होतं. अण्णा बाकावरच होते. तो जुन्या भारी गाड्या घ्यायचा, तोडायचा आणि सुटे भाग विकायचा. महिना रोह्याचा होता, म्हणून आधी तिकडे जाऊन गाडी पाहून आला होता. उभी गाडी कुणाला नको असली तरी तिचे दिवे, दरवाजे, गिअरबॉक्स यांना देशभर मागणी आहे, असं त्याने आम्हाला समजावलं. अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. वर्षानुवर्षं किंमत पाडत आणली, आणि आता पाडायला काही उरलंच नव्हतं.

तरी त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "एसीला बोंबलाचा वास हाय."

"असू दे ना काका. आणि मला सगळं ठाऊक आहे. तुमच्या भावांनी काही लपवलं नाही. त्या मोठ्या पुरात गाडी कुंडलिकेत छतापर्यंत बुडाली होती म्हणाले. सीटखालून घमेलंभर गाळ काढला म्हणे. नंतर इंजिनात मांजर व्यालं, ते वेगळंच. एवढा सरळ माणूस मी धंद्यात पाहिला नाही."

मी अण्णांकडे पाहिलं. रोह्याला तो पूर आला तेव्हा गाडी पेणला होती. पाणी चढेल म्हणून आम्ही गल्लीतल्या चार जणांनी तिला ढकलत माझ्या दुकानाच्या ओट्यालगत आणून लावली होती. कुंडलिकेचा थेंब तिला लागला नव्हता.

"गाळ?" अण्णांनी विचारलं. "वसंता म्हनला गाळ काढला?"

"घमेलंभर."

"आन् मांजर?"

"तीन पिल्लं झाली म्हणाले."

अण्णा पंच्याच्या टोकाशी चाळा करत बसले. त्यांना हसू येत होतं की रडू, ते त्यांनाही ठरवता येत नसावं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की गाडीची किंमत आपण एकटेच पाडतोय.

गृहस्थाने कागद काढले, पेन पुढे केलं. तेवढ्यात निलेशचा फोन आला, नेहमीप्रमाणे स्पीकरवर. "अण्णा, सही करून टाका. याच्यानंतर कुणी येणार नाही." अण्णांनी पेन घेतलं. कागद मांडीवर ठेवला. मग त्या माणसाला विचारलं, "दरवाजे निराळे विकनार?"

"सगळंच निराळं."

अण्णांनी पेनाला टोपण लावलं. "वसंताला इचारावं लागंल," ते म्हणाले.

"अहो, गाडी तुमच्या नावावर आहे!" निलेश फोनमधून ओरडला. "काकांना काय विचारायचंय त्यात?"

"तेच," अण्णा म्हणाले आणि फोन बंद केला.

मी दुकान बायकोवर टाकलं. अण्णांना एकटं सोडावं असं वाटेना. त्या गृहस्थाला संध्याकाळी कळवतो म्हणून सांगितलं आणि आम्ही रोह्याची पॅसेंजर पकडली. एरवी डब्यात अनोळखी माणसाला गाडीची किंमत सांगत बसणारे अण्णा आज खिडकीबाहेर बघत होते.

आम्ही पोचलो तेव्हा वसंतराव अंगणात बादली घेऊन गाडी पुसत होते. मांजर व्यालेली, गाळात बुडालेली ती गाडी आरशासारखी चमकत होती. महिना संपायच्या आधीच भाऊ दारात आलेला बघून वसंतरावांच्या हातातलं फडकं थांबलं.

"गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार हाय," अण्णा म्हणाले. "तोडायला नेनार. विकायची काय?"

"मला कशाला इचारतो? तुझ्या नावावर हाय. कर सही."

"तुला इचारायला आलोय."

वसंतरावांनी फडकं पिळलं. खूप वेळ पिळत राहिले. "खाराची जमीनबी तुझ्या नावावर होती, ती दिली तवा नाय इचारलंस," ते म्हणाले. "सही करून आलास आन् मला पेढा दिलास. मी काय नाय म्हनलो असतो? पैशाचं नव्हतं रे. बापाची जमीन. निदान इचारायचं तरी."

तर हे कारण होतं. अण्णांनी मान हलवली. "धाकटा हायस, तुला काय कळतंय, असं वाटलं तवा. चुकलं." एवढंच बोलायला त्यांना किती वर्षं लागली!

"मग आता काय म्हनतोस?" वसंतरावांनी विचारलं. "तू थोरला. तुझं काय म्हननं हाय?"

"माझं म्हननं, विकू नये."

"का? निलेश बरोबर सांगतोय. चालायची नाय ती फार दिवस."

अण्णांनी गाडीकडे पाहिलं नाही. पहिल्यांदाच सरळ भावाकडे पाहिलं. "गाडी गेली तर मी रोह्याला कशाला येनार, वसंता?"

मी उगाच नदीकडे तोंड केलं.

"जेवायला," वसंतराव म्हणाले.

वसंतरावांनी बादली भिंतीकडे सरकवली आणि आत हाक मारली, "अगो, दादा आलाय, दोन पानं जास्ती वाढ." अण्णांनी पंच्याने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि पायरीशी येऊन चपला काढल्या.

"मग विकू?" त्यांनी विचारलं.

"विक," वसंतराव म्हणाले. "पन आदी हात धू. भात निवतोय."