पाठमोरी अक्षरं

तिसरीत माझ्या शेजारी टीव्ही बसायचा.

तो आधी तालुक्याच्या विश्रामगृहात कामाला होता. तिथे रंगीत संच आला आणि ह्याची बदली आमच्या पिंपरखेड्याच्या शाळेत झाली. देवरे गुरुजींनी नीट विचार केला. शाळेत एकतर सामान असतं, नाहीतर विद्यार्थी. सामानाची खोली सुकडीच्या पोत्यांनी भरलेली होती, म्हणून त्यांनी त्याला तिसरीत घातलं.

चार पायांची लाकडी पेटी आणि पुढे सरकती दारं. हजेरीत नाव आलं की तो दार सरकवून बातम्यांच्या आवाजात "नमस्कार" म्हणायचा. आम्हाला "हजर" म्हणावं लागे. पण तो जिल्ह्याच्या माणसांत वावरलेला होता, त्यामुळे गुरुजी त्याला काही बोलत नसत.

आमचा वर्ग वाचनात कच्चा होता. मी पुढच्या मुलीचं ऐकून, पुस्तकावर बोट फिरवत तेच म्हणायची. उखर्डूला तेही जमत नसे. तो अक्षरं उलटी काढायचा, ग ची काठी डावीकडे आणि गोळा उजवीकडे. गुरुजी रोज त्याला पाटी पुसायला लावत.

रविवारी संध्याकाळी सगळं गाव सिनेमा बघायला शाळेत जमायचं. एका शनिवारी गुरुजींनी टीव्हीला धडा वाचायला उभं केलं. तो उभाच होता, पण त्याला वाचता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पटांगण भरलं तरी त्याची दारं बंदच राहिली.

सरपंच तुळशीराम अण्णांनी दारावर टकटक केली. "काय रे, सिनेमा?"

"क्षमस्व," आतून आवाज आला. "धडा वाचून झाल्याशिवाय खेळायचं नाही, असा वर्गाचा नियम आहे."

"तू यंत्र आहेस ना?"

"आम्ही तिसरीत आहोत."

अण्णा गुरुजींकडे वळले. "गुरुजी, जरा सैल सोडा."

"एकाला सोडलं की सगळा वर्ग मागे लागेल," गुरुजी म्हणाले. ते अण्णांनाही पटलं. लोक सतरंज्या झटकून घरी गेले. माझी आई आठवडाभर त्या सिनेमाची वाट बघत होती. वाटेत ती एवढंच म्हणाली, "मालन, त्याला शिकव बाई."

सोमवारी मी त्याच्यासमोर पुस्तक धरलं.

"हे उलटं छापलंय," तो म्हणाला.

"सुलटंच आहे."

"आम्ही अक्षरं आतून बघतो. बातम्यांच्या वेळी येतात. पण त्यांची तोंडं तुमच्याकडे आणि पाठ आमच्याकडे."

तेवढ्यात उखर्डू पाटी पुसायला उठला. टीव्हीची काच किंचित उजळली. "थांब," तो म्हणाला. "ग... व... त. गवत."

उखर्डूनं पाटीकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. गुरुजी म्हणाले, "राहू दे. पुसू नकोस."

तेव्हापासून उखर्डू त्याचा धडा लिहून द्यायचा. पण उलटा लिहायचा म्हणजे आधी सुलटा कळायला हवा. तो मला विचारायचा, आणि मग मला कळलं की मलाही येत नाही. आम्ही दोघं एकेक अक्षर लावत बसायचो. विहिरीत पडलेल्या शेळीचा धडा होता. शेळी पडली तिथे टीव्हीनं हळूच सारंगी लावली. मी शब्द चुकले की सारंगी थांबायची. शब्द बरोबर आला की पुन्हा सुरू. मधेच तो विचारायचा, "वर आली का हो ती?"

"पुढच्या पानावर आहे."

"मग उलटा ना पान."

हळूहळू सगळ्यांनाच त्याच्यासमोर वाचायचं असायचं. दुसरीची मुलं खिडकीत येऊन बसायची. ज्याच्या वाचनाला ढोलकी मिळायची, तो दिवसभर मान ताठ करून फिरायचा. गावाला मात्र अजून सिनेमा नव्हता, आणि सगळे आमच्याकडे जरा रागानंच बघायचे.

मग विस्ताराधिकारी वाणीसाहेब तपासणीला आले. उखर्डूनं पाटी धरली. टीव्हीनं शेळी वर येईपर्यंत धडा वाचला.

"पाठ केलं असेल," साहेब म्हणाले. "दुसरं काही वाच."

टीव्ही विचारात पडला. काचेवर मुंग्या आल्या, आणि मग ती नेहमीची पाटी आली, जी सिनेमा ऐन रंगात आला की यायची. तो आतून एकेक अक्षर लावू लागला.

"व्य... व्यत्य... व्यत्ययाबद्दल... दिलगीर आहोत."

मग त्यानं मला विचारलं, "हे आम्ही म्हणत होतो?"

"हो."

"केव्हापासून?"

"तू आलास तेव्हापासून."

"लोक काय म्हणायचे?"

"चिडायचे," मी म्हटलं. "पण उठून कुणी जायचं नाही."

साहेबांनी चष्मा पुसला आणि त्याला पास केलं. त्याच्यामागून आम्हा सगळ्यांना एकेक पान वाचायला लावलं. उखर्डू दोनदा अडखळला, पण शेवटपर्यंत गेला.

त्या रविवारी सिनेमा लागला. सुरुवातीची नावं आली आणि आम्ही ती मोठ्यानं वाचली. नट झाले, मग कपडे शिवणारे, मग चहा देणारे. आई मागून ओरडली, "अगं, पुरे! बघू दे की!"

चौथीत टीव्ही गणितात नापास झाला. त्याच्यावर दूरदर्शनचं एकच केंद्र लागायचं, त्यामुळे एकाच्या पुढे तो मोजत नसे. गुरुजी म्हणाले, ढकलतो वर. त्यानं नको म्हटलं. आम्ही पाचवीला तालुक्याला गेलो. पुढे त्याला पुन्हा तिसरीत बसवलं, ते त्याला मानवलं म्हणे.

शनिवारी शाळा लवकर सुटली की मी आणि उखर्डू त्याला भेटायला जायचो. मग फक्त उखर्डू जायचा. मग त्यांचं घर भुसावळला गेलं.

कॉलेजात असताना एकदा गावी आले होते, तेव्हा शाळेत डोकावले. काच पिवळी पडली होती. एक दार सरकायचं बंद झालं होतं.

"कोण?" त्यानं विचारलं.

"मालन. आपण एका वर्गात होतो."

काचेवर मुंग्या आल्या आणि बराच वेळ राहिल्या.

"बसा," तो म्हणाला. "धडा चालू आहे."

तिसरीतल्या मुलांनी सरकून जागा दिली. मी मांडी घालून बसले.