दृष्टिनवीस सुभानजी आणि मार्गशीर्षातले धुके

श्रीवायुदेव समर्थ. ज्यास उंबरठा नाही आणि कडीकोयंडाही नाही, त्या आकाशास नमस्कार करून, शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी आमचे राज्यातील विमानतळावर जो प्रसंग गुदरला, तो पाहिला-ऐकिला तैसा लिहितो. यात पदरचे तिखटमीठ नाही, असलेच तर चवीपुरते.

पूर्वी नगराबाहेर उजाड माळ होता आणि तेथे कुसळाखेरीज काही उगवत नसे. मग शके एकोणीसशे तेरा, प्रजापतीनाम संवत्सरे, श्रीमंतांचे मनी आले, की शेजारचे राज्यास विमान आहे आणि आम्हांस नाही, हे शोभत नाही. मग माळ सपाट केला, आणि काळी धावपट्टी आंथरली, आणि मनोरा उभारिला, आणि वारा कोठून येतो हे कळावे म्हणून खांबावर कापडाची नळी बांधिली, तीस लोक वाऱ्याची बाही म्हणू लागले. मग पहिले विमान आले, आणि सारे नगर माळावर लोटले, आणि श्रीमंतांनी नारळ फोडिला, आणि एका म्हातारीने चाकास हळदकुंकू वाहिले. मग विमान जे गेले, ते अकरा वर्षे फिरकले नाही. त्या अवधीत धावपट्टीवर मिरच्या वाळल्या आणि म्हशी पहुडल्या, आणि चाकरमंडळी रोज सकाळी वेळेवर येऊन, न येणाऱ्या विमानाची सर्व तयारी करून घरी जात. मग ते पुन्हा येऊ लागले, आठवड्यातून तीनदा, आणि थोरल्या शहरी जाण्यास एसटीने चौदा तास लागत ते दीड तासावर आले, आणि काळजाच्या दुखण्याचे रोगी वाटेत दगावेनासे झाले.

विमान येण्याअगोदर दोन असामी धावपट्टी पायी चालून खडा, खिळा आणि कुत्रे पाहत, आणि एक असामी फटाके लावून घारी उडवी, आणि बंबवाले बंबात बसून पान लावीत. परंतु या सर्वांवर शब्द चाले तो दृष्टिनवीस सुभानजी पांगारे यांचा. त्यांनी गच्चीवर उभे राहावे आणि किती लांबचे दिसते ते सांगावे, इतकेच त्यांचे काम. निलगिरीचे झाड पाव कोसावर, पाण्याची टाकी अर्ध्या कोसावर आणि डोंगराचा सुळका दीड कोसावर. टाकी दिसली तर विमान उतरावे, न दिसली तर दफ्तरात धुके लिहावे. आणि दफ्तरात लिहिले की ते राज्यात खरे झाले, मग दुसऱ्या कोणी मान वर करून पाहण्याची चाल नव्हती. ज्याचे काम त्याने करावे, ऐसी तेथील शिस्त. सुभानजींनी बत्तीस वर्षे लिहिले, विमान नव्हते ती अकरा वर्षेही लिहिले, आणि एक अक्षर चुकले नाही.

त्या साली मार्गशीर्ष वद्य पंचमीस धुके पडले ते उठेना. सुभानजी गच्चीवर उभे राहत आणि समोर सर्व दुधाळ दिसे, आणि त्या दुधात केव्हा केव्हा पहिले विमान तरंगत येई, नारळाच्या पाण्याने ओले, आणि वाऱ्याची बाही त्यास हात हलवून बोलावी, आणि मिरच्यांचा लाल गालिचा उचलून कोणी आकाशावर घाली. सुभानजींस ते बहुत गोड वाटे. खरे सांगावे तर, धुके उठू नये ऐसेच त्यांस वाटू लागले होते. त्यांनी लिहिले, टाकी दिसत नाही. मग मनोऱ्याच्या मुख्य कुलसूमबी यांनी चष्मा पुसून पाहिले, आणि दृष्टिनवीस म्हणतात तर असेलच म्हणून त्यांसही थोडके धुके दिसले. मग बंबवाल्यांनी कानटोप्या चढविल्या, आणि चहावाल्याने आले वाढविले, आणि घारी उडविणारा भर उन्हात हातावर हात चोळू लागला. विमान वरच्या वर माघारी गेले, एकदा, मग दुसऱ्यांदा. आणि विमानाच्या धन्यांचे पत्र आले, की एका महिन्यात तिसऱ्यांदा उतरल्यावाचून परतलो, तर ही वाट कायमची बंद.

वद्य एकादशीस तिसरी वेळ आली. सुभानजींनी डोळे ताणून पाहिले, आणि टाकी नव्हती, निलगिरीही नव्हती, आणि त्यांनी जड हाताने धुके लिहिले. विमान वर येऊन घिरट्या घालू लागले, आणि त्याजपाशी थांबण्यापुरते इंधन अर्ध्या घटकेचे. इतक्यात सुभानजींची बायको ठकूबाई भाकरीचे फडके घेऊन आली. बत्तीस वर्षांत ती कुंपणाच्या फाटकापलीकडे आली नव्हती, परंतु त्या दिवशी फाटकवालाही थंडीने शेकोटीस बसला होता, म्हणून थेट गच्चीवर आली.

"ह्ये समदे कानटोप्या घालून का बसलेत?" ती म्हणाली.

"धुके आहे," सुभानजी म्हणाले.

"कुठं हाय धुकं? लख्ख ऊन पडलंय. त्या सुळक्यावर शेळ्या चरत्यात, मोजून दावू? सात हायेत, येक लंगडी."

"गप. दफ्तरात नोंद झाली."

"तुमच्या दफ्तराला उन्हात धरा. अवो, माझ्याकडं बघा बरं. माझ्या कपाळावर कुकू हाय का न्हाई?"

सुभानजींनी पाहिले. ठकूबाई एका हातावर उभी होती आणि तिचे तोंड धुक्यात होते. मग त्यांनी आपला हात पाहिला, तोही धुक्यात. मग त्यांस चुलीपाशी दिसणारे धुके आठवले, आणि दिव्याभोवतीचे कडे आठवले, आणि गेले दोन महिने दफ्तराच्या ओळी मुंग्यांसारख्या पळत होत्या ते आठवले. त्यांस भय वाटले, ते आंधळेपणाचे थोडे आणि लाजेचे फार.

कुलसूमबी धावत वर आल्या. "सुभानजी, विमानवाले विचारतायत, परत जाऊ का? काय सांगू?"

सुभानजी म्हणाले, "टाकी मला दिसत नाही. पण ठकूला शेळीचा लंगडा पायसुद्धा दिसतोय. धुकं माळावर नाही बाई, माझ्या डोळ्यांत आहे. तसं लिहितो."

"अहो, असं लिहिलंत तर नोकरी आजच जाईल. आणि मागची दोन विमानं तुमच्यामुळं गेली, हेही उघडं पडेल. मी तोंडी सांगते, धुकं उठलं म्हणून. कुणाला कळणारही नाही."

"बत्तीस वर्षं न पाहिलेलं लिहिलं नाही. आता उठलेलं धुकं कुठून आणू?"

आणि त्यांनी चाचपडत ओळ धरिली, आणि अक्षरे वाकडी आली, परंतु लिहिले, की मैदान स्वच्छ आहे, दृष्टिनवीसास दिसत नाही. मग कुलसूमबींनी मान वर केली, आणि बत्तीस वर्षांत प्रथमच आपल्या डोळ्यांनी सुळका पाहिला, आणि विमानास उतरण्याचा हुकूम दिला. खाली एकेक कानटोपी निघाली, आणि बंबवाले एकमेकांकडे चोरट्यासारखे पाहू लागले.

सुभानजींनी गच्चीचा कठडा घट्ट धरिला. वरून घरघर खाली खाली येत होती आणि समोर नुसते दूध होते.

"ठके, सांग. काय दिसतंय?"

"आलं बगा. पांढरं हाय. हळूच येतंय, कुणाच्या डोक्यावर पाय पडंल म्हनून भ्याल्यावानी. आता चाकं टेकली... धूर निगाला. अवो, थांबलं की ते!" मग ती त्यांच्याकडे वळली. "इतकी वरसं तुमी रोज ह्ये बगत व्हता व्हय? आन मला घरी येऊन नुसतं म्हनायचात, काय न्हाई, विमान आलं आन गेलं."

 सुभानजींनी तिचा हात शोधला आणि तो धरून म्हणाले, "आता उतरणारी माणसं सांग. एकेक करून सांग."

आणि ती सांगत राहिली, काठी टेकीत उतरलेला म्हातारा, आणि टोपडे घातलेले तान्हे, आणि त्याची कावरीबावरी आई, आणि ते ऐकत राहिले.

तात्पर्य ऐसे, की सुभानजींची चाकरी त्याच सांजेस गेली आणि विमान राज्यात राहिले. धुके लिहिण्यापूर्वी कुंपणाबाहेरच्या एका माणसास विचारावे, ऐसा नवा कायदा जाहला. लोक हळहळले तेव्हा सुभानजी म्हणाले, सौदा स्वस्तात पडला. इतके लिहून बोरू धुतला.